'ब्रिमफुल ऑफ आशा': आशाताईंच्या नावाचं गाणं इंग्लंडमध्ये नंबर वन कसं झालं, आणि ते करणारा बँड कोणता?

टू-इन-वन हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच डब्यात. घरात तो आला की शोकेसमध्ये बसायचा, त्याच्यावर क्रोशाचं कापड पडायचं आणि सकाळी विविध भारती लागायची.

हाच शब्द १९९७ साली एका इंग्रजी गाण्यात आला. गाणं लिहिणारा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि तिथेच वाढलेला एक शीख मुलगा. गाणं कुणावर, तर सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्यावर. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्या आठवड्यात त्याने खाली ढकललेलं गाणं होतं 'टायटॅनिक' सिनेमातलं, सेलीन डिऑनचं.

गाण्याचं नाव 'ब्रिमफुल ऑफ आशा' आणि बँडचं नाव कॉर्नरशॉप. म्हणजे नाक्यावरचं दुकान. या नावातच बँडची निम्मी गोष्ट आहे.

दुकानदाराचा मुलगा

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबरच सांगतात. हातात काही नसताना या माणसांनी आधी गोळ्या-बिस्किटं विकली, मग कापड विकलं, मग कारखाने काढले. बाकीच्यांनी त्यांच्या मालावर 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद केला. विनोद सगळ्यांना पाठ होता. त्यामागची मेहनत मोजायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

ब्रिटनमध्ये पंजाबी आणि गुजराती कुटुंबांच्या वाट्याला साधारण हेच आलं. पन्नास-साठच्या दशकात जालंधर, होशियारपूर भागातून गेलेली माणसं तिथल्या ओतशाळांमध्ये, कापड गिरण्यांमध्ये आणि बसवर कंडक्टर म्हणून कामाला लागली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून भारतीयांना हाकललं आणि हजारो गुजराती ब्रिटनमध्ये उतरले. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, इथे जागा नाही. लोक तरीही लेस्टरलाच गेले.

नोकरी मिळेना किंवा मिळालेली टिकेना, तेव्हा अनेकांनी कोपऱ्यावरचं दुकान घेतलं. पहाटे उघडायचं, रात्री उशिरा बंद करायचं, रविवारीही शटर वर. दूध, ब्रेड, सिगारेट, पेपर. थोड्याच वर्षांत ब्रिटिश टीव्हीवर आशियाई माणूस म्हणजे गल्ल्यामागे उभा, मान हलवत बोलणारा दुकानदार, हे चित्र पक्कं झालं. शाळेत मुलांना चिडवायलाही तेच.

तजिंदर सिंग याच काळातला. त्याचं गाव वुल्व्हरहॅम्प्टन. याच शहरातून निवडून आलेले खासदार इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये स्थलांतरितांच्या विरोधात ते कुप्रसिद्ध भाषण केलं, जे पुढे 'रक्ताच्या नद्या' या नावाने ओळखलं गेलं. तजिंदरचा जन्मही १९६८ चाच. पंजाबी घरात भजन-कीर्तन आणि हिंदी सिनेमाची गाणी, बाहेर असं वातावरण.

प्रेस्टनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकताना त्याची गाठ बेन एअर्स या गोऱ्या मुलाशी पडली. दोघांनी आधी 'जनरल हॅवॉक' नावाचा बँड केला. मग १९९१ मध्ये लेस्टरला तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, बेन आणि ड्रमर डेव्हिड चेंबर्स यांनी कॉर्नरशॉप सुरू केला. ज्या शब्दाने चिडवलं जायचं तोच पाटीवर लिहिला. उल्हासनगरच्या एखाद्या पोराने आपल्या बँडचं नाव 'मेड इन यूएसए' ठेवावं, तसंच हे.

इंडी म्हणजे काय?

पुढे जाण्याआधी हा शब्द समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे तो कुठल्याही गिटारवाल्याला चिकटवला जातो.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंक संगीत आलं, तोपर्यंत ब्रिटनमध्ये रेकॉर्ड काढायची तर ईएमआय, डेक्का अशा मोठ्या कंपन्यांचं दार वाजवावं लागे. पंकवाल्यांनी दाखवून दिलं की चार मित्र, उसने पैसे आणि एक छोटा स्टुडिओ असेल तर हजार-पाचशे रेकॉर्ड स्वतः छापता येतात. मग त्या विकणारी दुकानं आली, दुकानांच्याच कंपन्या झाल्या, आणि १९८० पासून या छोट्या कंपन्यांच्या गाण्यांची वेगळी यादीही निघू लागली. सुरुवातीला इंडी हा धंद्याचा प्रकार होता, संगीताचा नव्हे. नंतर त्या गाण्यांची एक चाल-ढाल तयार झाली: किणकिणत्या गिटार, थोडा बेसूर पण खरा वाटणारा आवाज, स्वस्तातलं रेकॉर्डिंग. तिला लोक इंडी पॉप म्हणू लागले.

कॉर्नरशॉपच्या रेकॉर्ड काढणारी कंपनीही अशीच. तिचं नाव विजा. भारतात जाण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाशी त्याचा संबंध नाही. लंडनमधल्या ज्या रेकॉर्डच्या दुकानातून ती निघाली, त्या रफ ट्रेडचा पिनकोड इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक वाचला की हे नाव तयार होतं. आपल्याकडे कुणी 'चारशेएकवीस शून्यशून्यतीन' नावाची कंपनी काढली तर ती उल्हासनगरची हे जसं ओळखता येईल, तसं.

१९९३ मध्ये त्यांची पहिली ईपी आली. म्हणजे चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड. ती काळ्या रंगाची नव्हती. तिचा रंग करीचा होता. 'तुम्ही लोक करी खाता' हा टोमणाही त्यांनी असा छापून विकला.

गाणी मात्र तेव्हा ऐकायला अवघड होती. गिटारचा कल्ला, त्यात मध्येच सतार, वाजवणाऱ्यांचा हात अजून बसलेला नाही. समीक्षकांनी त्यांना वाजवता येत नाही असं लिहिलं, आणि सुरुवातीच्या काळाबद्दल ते फारसं खोटंही नव्हतं.

पोस्टर जाळलं

बँडचं नाव पेपरात पहिल्यांदा आलं ते गाण्यामुळे नव्हे.

मॉरिसी हा इंडी संगीताचा तेव्हाचा देवच. त्याचा 'द स्मिथ्स' हा मँचेस्टरचा बँड १९८७ मध्ये फुटला तरी एकटं वाटणाऱ्या, चारचौघांत न मिसळणाऱ्या मुलांसाठी तो आपला माणूस होता. त्यात आशियाई मुलंही होती. पण एकट्याने गाऊ लागल्यावर त्याच्या गाण्यांमधून बंगाली आणि आशियाई पात्रं ज्या पद्धतीने येऊ लागली, त्याने या मुलांना खटकायला लागलं. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या कार्यक्रमात तो ब्रिटनचा झेंडा फडकवत मंचावर आला. मागे मुंडण केलेल्या स्किनहेड तरुणींचं मोठं चित्र. तो झेंडा आणि ती वेशभूषा त्या काळी आशियाई वस्त्यांत मारामाऱ्या करणाऱ्या उजव्या टोळ्यांची खूण होती.

मॉरिसीने आपण वंशद्वेषी असल्याचा आरोप वेळोवेळी नाकारला आहे. कॉर्नरशॉपला ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी पत्रकारांना बोलावलं आणि मॉरिसीची रेकॉर्ड कंपनी असलेल्या ईएमआयच्या लंडनमधल्या कार्यालयाबाहेर त्याचं पोस्टर जाळलं.

प्रसिद्धीसाठी केलं असं तेव्हाही म्हटलं गेलं. नव्या बँडला प्रसिद्धी नको असते असं कोण म्हणेल? पण ज्या गायकाच्या रेकॉर्ड आपणच पैसे साठवून घेतल्या, त्याच्याबद्दल असं जाहीर बोलणं सोपं नसतं. इंडीच्या छोट्या जगात, जिथे सगळेच स्वतःला पुरोगामी समजत होते, तिथे 'आम्ही तुमच्यात आहोत का?' हा प्रश्न विचारणारे हे पहिल्या काही जणांपैकी होते.

आशा हेच नाव का?

१९९५ च्या दुसऱ्या अल्बमपर्यंत बँडचा आवाज बदलला होता. जालंधरचं नाव असलेलं एक लांबलचक पंजाबी गाणं त्यात होतं, तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून चालणारं. अमेरिकेत डेव्हिड बर्न या संगीतकाराच्या कंपनीने ते उचललं. अवतार आणि चेंबर्स बाहेर पडले, तजिंदर आणि बेन राहिले, नवे वादक आले.

सप्टेंबर १९९७ मध्ये तिसरा अल्बम आला, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. त्याच्या शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' आहे, पण पंजाबीत. मूळ गाणं १९६५ चं, आणि त्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली होती. पाश्चात्त्य पॉप गाण्यात सतार ऐकू आल्याचं ते सुरुवातीचं आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण. बीटल्सनी आपलं वाद्य नेलं, तीस वर्षांनी कॉर्नरशॉपने त्यांचं गाणंच आणलं.

आणि याच अल्बमचं दुसरं गाणं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ब्रिमफुल म्हणजे काठोकाठ भरलेलं. आशा म्हणजे गायिका, आणि आशा म्हणजे उमेदही. हा श्लेष हिंदी-मराठी-पंजाबी येणाऱ्यालाच कळतो. ज्या लाखो इंग्रजांनी ते गाणं विकत घेतलं, त्यातल्या बहुतेकांना 'आशा' हे एका बाईचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं.

गाण्यात गोष्ट अशी नाही. पडद्यावर नटी ओठ हलवते आणि आवाज दुसरीचा असतो, ती आशा. तिच्यासोबत लतादीदी आणि रफीसाहेब यांची नावं येतात. सरकार साधेपणाचे उपदेश करतंय, धरणं बांधतंय, पण साध्या माणसाला दिवसाच्या शेवटी डोकं टेकवायला काहीतरी मऊ लागतं आणि ते त्याला सिनेमात, गाण्यात सापडतं. मग रेडिओचे प्रकार, आकाशवाणी, टू-इन-वन, ४५च्या रेकॉर्ड आणि रेकॉर्ड कंपन्यांची नावं, एकामागून एक, एखाद्या आरतीत देवांची नावं घ्यावीत तशी.

४५ म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड. लाँगप्ले महाग, ही त्या मानाने परवडणारी.

गाण्यात आकाशवाणीचं नाव येतं, त्यातली गंमत मात्र मराठी माणसालाच जास्त कळावी. १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलं. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी गाण्यांना कात्री लावली, सिनेनिर्मात्यांशी वाद झाला आणि थोड्याच दिवसांत आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायब झाली. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथूनच घराघरात पोचली. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

म्हणजे सरकार एक शिकवत होतं आणि लोक दुसरंच ऐकत होते, हे तजिंदर सिंगच्या गाण्यातलं चित्र कल्पनेतलं नाही. फक्त त्या ओढाताणीच्या एका टोकाला पुण्याचे मंत्री होते आणि दुसऱ्या टोकाला सांगलीची गायिका.

लताऐवजी आशाच का, हा प्रश्न ब्रिटनमधल्या आपल्या लोकांनीही विचारला असणार. आशाताईंच्या आयुष्याकडे पाहिलं की निवड पटते. १९४३ मध्ये 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात त्या पहिल्यांदा गायल्या, दहाव्या वर्षी. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न. मोठ्या बहिणीचं नाव गगनाला भिडत असताना यांच्या वाट्याला सुरुवातीची कित्येक वर्षं दुय्यम चित्रपट आणि इतरांनी नाकारलेली गाणी. ओ. पी. नय्यर आणि नंतर आर. डी. बर्मन यांच्यामुळे चित्र पालटलं. कोपऱ्यातून येऊन मधली जागा घेणं म्हणजे काय, हे कॉर्नरशॉप नावाच्या बँडला सांगायला त्यांच्याइतकं योग्य नाव दुसरं नव्हतं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. या गाण्यात आशाताईंचा आवाज कुठेच नाही. नाव त्यांचं, आवाज तजिंदरचा. पडद्यामागच्या गायिकेवरचं गाणं, आणि त्यातही ती पडद्यामागेच.

साठ नंबरवरून एक नंबरवर

ऑगस्ट १९९७ मध्ये गाणं सिंगल म्हणून निघालं तेव्हा ब्रिटनच्या यादीत साठाव्या क्रमांकावर थांबलं. बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील हे इंडीचे सगळ्यात मोठे पाठीराखे. त्यांचे श्रोते दर वर्षाअखेरीस आवडत्या पन्नास गाण्यांना मतं देत. १९९७ च्या यादीत 'ब्रिमफुल ऑफ आशा' पहिलं आलं. जाणकारांचं प्रेम मिळालं, विक्री नाही, अशी ही स्थिती.

मग नॉर्मन कुक मधे आला. ऐंशीच्या दशकात तो 'द हाउसमार्टिन्स' या इंडी पॉप बँडमध्ये बास वाजवायचा आणि आता 'फॅटबॉय स्लिम' नावाने नाचायची गाणी करायचा. त्याने मूळ गाण्याचा वेग वाढवला, सूर वर चढवला, खाली दणदणीत ठेका घातला. निवांत, सोप्यावर बसून ऐकायचं गाणं एकदम क्लबमध्ये उड्या मारायचं झालं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पुन्हा बाजारात आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. राहिलं एकच आठवडा. पुढच्या आठवड्यात मॅडोनाचं गाणं आलं.

आज रेडिओवर, लग्नांत, जाहिरातींत जे ऐकू येतं ते बहुतेकदा कुकचंच. नाचायला ते उत्तमच आहे. पण शब्द ऐकायचे असतील, आकाशवाणी आणि टू-इन-वन ही नावं जिभेवर घोळवलेली ऐकायची असतील, तर मूळ संथ गाणंच लावावं.

त्या दोन वर्षांत ब्रिटनच्या यादीत आशियाई नावं आणखीही दिसली. जानेवारी १९९७ मध्ये रुरकेलात जन्मलेल्या ज्योती मिश्राचं, 'व्हाइट टाउन' या नावाने घरच्या घरी केलेलं गाणं पहिलं आलं होतं. त्याआधी पाचगणीच्या शाळेत पियानो वाजवणारा फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, जगभर गाजला. पण त्याने आपलं मूळ नाव मागे ठेवलं होतं. कॉर्नरशॉपने मूळ नावं गाण्यातच घातली.

नंतर काय झालं?

नंबर वनचं ओझं असतं. पुढचं सिंगल 'स्लीप ऑन द लेफ्ट साइड' तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पेपरांनी 'एका गाण्याचा बँड' असा शिक्का मारला. त्या वर्षी ओअॅसिसच्या अमेरिका दौऱ्यात ते आधी वाजवायला होते. म्हणजे मोठं व्हायची संधी समोर होती.

त्यांनी तसंच आणखी एक गाणं करायचं टाळलं. तजिंदर आणि बेन यांनी वेगळ्या नावाने डिस्कोचा अल्बम केला. कॉर्नरशॉपचा पुढचा अल्बम २००२ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांनी आला. पॉपच्या धंद्यात एवढ्या वेळात माणसं विसरली जातात. त्याच्या पुढचा २००९ मध्ये. मधल्या काळात त्यांनी अँपल प्ले ही स्वतःची कंपनी काढली. २०११ मध्ये बबली कौर या गायिकेसोबत अख्खा पंजाबी अल्बम केला. तो हळूहळू ऐकणाऱ्यांचा झाला आणि कॉर्नरशॉपचं खरं काम बघायचं असेल तर नंबर वनपेक्षा तिथून सुरुवात करणं बरं.

मार्च २०२० मध्ये 'इंग्लंड इज अ गार्डन' आला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. त्यातल्या एका गाण्याच्या नावात काळ्या-सावळ्यांना दिली जाणारी जुनी ब्रिटिश शिवी आहे, आणि चाल मात्र अगदी आनंदी, बागेत फिरायला जावं तशी. करीच्या रंगाच्या रेकॉर्डपासून सत्तावीस वर्षं झाली तरी टोमणा उचलून पाटीवर लिहायची सवय गेली नव्हती.

आशाताईंचंही त्या काळात थांबलं नव्हतं. ब्रिटन त्यांच्या नावावर नाचू लागलं तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. नुकताच 'रंगीला' गाजला होता आणि लेस्ली लुईससोबतचा 'जानम समझा करो' हा अल्बम कॅसेटच्या दुकानांत धडाक्यात विकला जात होता. पुढे अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटसोबत आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम झाला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. २०११ मध्ये सर्वाधिक गाणी ध्वनिमुद्रित केल्याबद्दल गिनीज बुकात नाव गेलं.

आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाची पाटीही लागली. बर्मिंगहॅममध्ये 'आशाज' नावाचं त्यांचं रेस्टॉरंट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टॉम क्रूझ तिथे जेवायला गेला आणि त्याने चिकन टिक्का मसाला एकदा संपवून पुन्हा मागवला, अशी बातमी सगळीकडे झळकली. तजिंदर सिंगचं वुल्व्हरहॅम्प्टन तिथून ट्रेनने वीसेक मिनिटांवर आहे. अंबरनाथहून डोंबिवलीला जायला लागतात, जवळपास तेवढीच.